कैलासवासींची हजेरी

किशनराव सोनकांबळे सहा वर्षं दर गुरुवारी आमच्या संस्थेत आले, पण आमच्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत. खुर्च्या नव्हत्या असं नाही. चांगल्या आठ होत्या, सागवानी, हाताच्या. पण प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून'. पहिल्या दिवशी मी "बसा" म्हटलं, तर त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, खुर्चीची पाठ वाचली आणि म्हणाले, "ह्या मयताच्या मांडीवर बसू म्हणता का? माझी न् त्याची वळख न्हाई, पाळख न्हाई."

मग पिशवीतून घडी घातलेलं बारदान काढलं, माझ्या टेबलासमोर फरशीवर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसले. मी खुर्चीवर, आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस जमिनीवर! अशा वेळी काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी उठून उभी राहिले. पुढचा तासभर ते बसून बोलले आणि मी उभ्यानं ऐकलं. पाय दुखले माझे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी तिथल्या एका आधारगृहाची अधीक्षिका होते. नवऱ्यांनी टाकलेल्या बावीस बायका तिथे राहत होत्या, आणि त्यांच्यासाठी लोकांपुढे हात पसरणं हे माझं काम होतं. लाजायचं काय त्यात? आवाहन लिहिण्यात माझा हात धरणारं सगळ्या मराठवाड्यात कुणी नव्हतं. 'आपल्यासारख्या दानशूरांच्या उदार हस्ते' इथपासून सुरुवात करून तिसऱ्या ओळीत मी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी काढत असे.

पण त्या वर्षी डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं होतं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि ज्या व्यापाऱ्यांच्या जिवावर आम्ही जगत होतो त्यांनी हात आखडते घेतले होते. उरलं अनुदान. ते जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या जिल्ह्यातून निघालं होतं आणि नव्या जिल्ह्यात पोचलं नव्हतं. बैलगाडीनं निघालं असतं तरी एव्हाना येऊन परत गेलं असतं. शेवटी आमचे अध्यक्ष अण्णासाहेब, सज्जन माणूस, निवृत्त वकील, त्यांनी सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत काही जमलं तर ठीक. नाही तर संस्था बंद करू आणि बायकांना आपापल्या घरी पोचवू."

आपापल्या घरी! आमच्या निलाबाईच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्या घरानं दिलेला डाग होता. मी घरी जाऊन रडले आणि तोंड धुऊन आणखी एक आवाहन लिहिलं. ते पेपरात छापून आलं. त्याचं कात्रण घेऊन चौथ्या दिवशी नांदेडच्या गाडीनं किशनराव आले.

"हे तुम्ही लिहिलं का?" बारदानावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं.

"हो."

"झकास लिहिलंय. माझ्याबी डोळ्याला पानी आलं. आता हे बंद करा."

माणूस कोण, कुठला, काही पत्ता नाही. चौकशी केल्यावर कळलं, हे गृहस्थ नांदेडच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर कुणी नातवंडं खेळवतात, कुणी विहारात जाऊन बसतात. ह्यांनी डबघाईला आलेल्या संस्था हुडकून त्यांना पायावर उभं करायचा नाद धरला होता. कुणी बोलवायचं नाही, कुणी पैसे द्यायचे नाहीत. 'किशनराव येऊन राहिलेत' असं कळलं की कित्येक संस्थांचे अध्यक्ष मागच्या दारानं सटकायचे.

देगलूरकडच्या एका वाचनालयाला लोकांनी दान म्हणून सात भिंतीवरची घड्याळं दिली होती आणि सातांत सात वेगळ्या वेळा वाजायच्या. किशनरावांनी सहा विकायला लावून त्यातून वर्षाची वर्तमानपत्रं आणली. अहमदपूरच्या एका व्यायामशाळेचे पैलवान दर श्रावणात खुराकासाठी वर्गणी मागत फिरायचे. त्यांना ह्यांनी पहाटे अडत बाजारात पोती उचलायला लावलं. "जोर काढता ते फुकट का काढता? पोत्यावर काढा. अंगबी होईल, खुराकबी होईल." पैलवानांनी आधी ह्यांनाच उचलून आपटायचा बेत केला होता म्हणे. नंतर त्यांनी हमालीतून बदामाचं पोतं घेतलं आणि मूठभर बदाम पुडीत बांधून किशनरावांना द्यायला आले. किशनरावांनी घेतले नाहीत. फुकटचं ते पाणीसुद्धा घेत नसत. चहाची भुकटी, साखर आणि कप, तिन्ही त्यांच्या पिशवीत असायचं. आमच्याकडून फक्त उकळतं पाणी, आणि दुष्काळाचे दिवस म्हणून त्याच्या बदल्यात ते बाजारातून येताना दोन काटक्या घेऊन यायचे. मला तर वेडच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं. पाहिलं कसलं, हजेरी घेतली. पंख्याखाली उभे राहिले, वर वाचलं आणि शाळामास्तरासारखे ओरडले, "कै. दगडूशेठ!" मग आपणच म्हणाले, "हजर." पाण्याचं पिंप. "कै. सरस्वतीबाई! हजर." बाक, कपाट, फळा, बादली. बादलीवरसुद्धा एक कैलासवासी होते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बायका आधी पदर तोंडाला लावून हसत होत्या, मग मागून मागून फिरत त्याच "हजर" म्हणायला लागल्या. स्वयंपाकघरात मात्र किशनराव गप्प झाले. फडताळात पितळी ताटं लावलेली होती. एक ताट त्यांनी हातात घेतलं, मधली अक्षरं अंगठ्यानं पुसल्यासारखी केली आणि मोठ्यानं न वाचता परत ठेवलं. मला वाटलं, दमले.

बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या संस्थेत बावीस जित्या आन चाळीस मेलेले. बहुमत त्यांचंच हाय. मग संस्था मराया टेकली तर नवल काय?"

मला असा राग आला! म्हटलं, "तुम्हाला काय जातंय बोलायला? आम्ही काय हातावर हात धरून बसलो नाही. आमच्या बायका मेणबत्त्या करतात, उदबत्त्या करतात, कागदाची फुलं करतात."

"मेणबत्त्या, उदबत्त्या, फुलं," त्यांनी बोटांवर मोजलं. "ही संस्था हाय का देवघर? आन इकत घेतंय कोन?"

घेत कोणीच नव्हतं. अण्णासाहेबांच्या ओळखीचे लोक दिवाळीला एक-एक पुडा दयेनं न्यायचे, आणि ती उदबत्ती लावली की घरात देव सोडून सगळे खोकायचे. किशनराव पायात चपला सरकवून "आलो" म्हणाले आणि निघून गेले. आले ते दुपार कलल्यावर.

"कुठे गेला होता?"

"नव्या जिल्ह्याचं जेवन बघाया." ते बारदानावर टेकले. "बाई, अर्धं सरकार बदलून आलंय गावात. बायका-पोरं तिकडं गावाकडं. दुपारच्याला साहेबापासून शिपायापर्यंत जो तो गाड्यावर उभा हाय. शेव-चिवड्यावर जिल्हा चालून राहिलाय! आता मला सांगा, तुमच्या बायकांना सगळ्यात झकास काय येतंय?"

दारात निलाबाई उभी होती. उदगीरकडची, जिभेची तिखट. ती म्हणाली, "आम्हाला काय येतंय, अय्यो! भाकरी येती अन् मार खायचा येतो."

"मार ऱ्हाऊ दे," किशनराव म्हणाले. "भाकरी बघू."

मी सगळ्या अडचणी पुढे मांडल्या. ज्वारी कुठून आणायची? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. ही नोकरदार माणसं सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. घरी कणगीत जुनी का असेना, ज्वारी असतेच. ज्यानं त्यानं आपली ज्वारी आणून टाकावी आणि भाकरीची मजुरी द्यावी. "पीठ त्यांचं, हात आपले." हे वाक्य मी पुढे सहा वर्षं ऐकलं. आणि ताटं-वाट्या धुवायला पाणी? "ताट कशाला? फडकं त्याचं, भाकरी त्याची. वर ठेचा, कारळाची चटणी. कोरडं जेवन. तुमच्या टँकरचा थेंब खर्च न्हाई."

अण्णासाहेबांना हे पटणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, "अहो, आपली समाजसेवा आहे, खानावळ नव्हे."

"साहेब," बारदानावरून किशनराव म्हणाले, "खानावळीत मानूस पैशे देऊन ताठ बसतोय. तुमच्या समाजसेवेत वाकून बसतोय. पाठ कुनाची मोडती ते तुम्हीच बघा."

अण्णासाहेबांनी वकिलासारखी तारीखच दिली. "पाडव्यापर्यंत काय करायचं ते करा," म्हणाले.

पहिल्या दिवशी पाच गिऱ्हाइकं मिळाली. त्यातला एक कोकणातून बदलून आलेला कारकून, सोबत्याच्या ज्वारीवर जेवणारा. त्यानं जन्मात ज्वारीची भाकरी पाहिली नव्हती, त्यानं ती ताटली समजून बाजूला ठेवली आणि नुसता ठेचा तोंडात टाकला. बिचारा दहा मिनिटं ऑफिसच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी तिघांना घेऊन आला. म्हणाला, इतकं रडू मला आई गेली तेव्हाही आलं नव्हतं, पण नाक मोकळं झालं.

महिन्याभरात ज्वारीची पोती ओसरीला लागली आणि नवाच ताप सुरू झाला. प्रत्येकाला स्वतःच्याच गावची ज्वारी हवी! तहसिलातला एक अव्वल कारकून तर दम देऊन गेला, "माझी मालदांडी हाय, किल्लारीकडची. दुसऱ्याच्या पिठात गेली तर बघा." मग किशनरावांनी प्रत्येक पोत्यावर काजळीनं मालकाचं नाव घातलं, आणि लांब उभे राहून बघत बसले. "बाई, बघा. तुमच्या संस्थेत पहिल्यांदाच जित्या मानसांची नावं लागली."

आता खरं सांगायला हरकत नाही. निलाबाईनं आठव्या दिवसापासून सगळी ज्वारी एकत्र दळायला सुरुवात केली होती. कोण प्रत्येक पोत्यामागे जातं आणि चक्की झाडत बसणार? कुणाला काडीचंही कळलं नाही. तो अव्वल कारकून भाकरी मोडताना शेजाऱ्याला सांगायचा, "चव बघ. ही चव दुसऱ्या रानात येतच न्हाई." शेजारी म्हणायचा, "जा रे, तुझी कसली, माझी बघ." आणि दोघांच्या हातात एकाच परातीतली भाकरी असायची. मी हे किशनरावांना भीतभीत सांगितलं तर ते इतके हसले की बारदानावर आडवे झाले.

पाडवा आला. अण्णासाहेब बैठकीला आले, त्यांनी बायकांना समोर बसवलं आणि घसा साफ केला. निलाबाईनं त्यांना बोलूच दिलं नाही. "सायेब, तुम्ही आम्हाला पोसत होता, तुमचे उपकार हायेत. पर आता घरभाडं आम्ही देताव. आम्ही कुठं जात न्हाई." मागे एकवीस जणी बसल्या होत्या, कुणाचीही मान खाली नव्हती. अण्णासाहेब चष्मा काढून पुसायला लागले. मी तर सरळ रडले. इतक्या वर्षांत दुसऱ्यांना रडवलं होतं, त्या दिवशी माझी पाळी होती.

किशनराव त्या बैठकीला आले नव्हते. "उभं राहिल्यावर पोराचं बोट धरून बसायचं नसतंय," असं आदल्या गुरुवारीच सांगून गेले होते.

आता खरी गंमत. जरा चार पैसे गाठीला लागल्यावर, काय घ्यायचं असं विचारलं तर बायका एका तोंडानं म्हणाल्या, ताटं. स्वतःची. मेलेल्यांच्या ताटात पुरे झालं. मी आणि निलाबाई गंजगोलाईच्या बाजारात गेलो आणि स्टीलची चोवीस ताटं घेतली. बावीस त्यांची, एक माझं आणि एक किशनरावांचं. हे शेवटचं निलाबाईच्या डोक्यातून निघालं होतं. "फुकट खात न्हाई ना? मग खायला त्याचंच ताट देऊ, बघू कसा न्हाई म्हणतो." नावं घालणारा दुकानाच्या पायरीवरच बसलेला होता. मी त्याला स्वच्छ अक्षरात चोवीस नावांची यादी दिली, संस्थेचं नाव सांगितलं आणि संध्याकाळी ताटं घेऊन जाईन म्हटलं.

संध्याकाळी बायका ताटांभोवती गोळा झाल्या. त्यातल्या कित्येक जणींचं नाव आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी उमटलं होतं. वाचता येणारी मी आणि आणखी दोघी. मी पहिलं ताट उचललं आणि माझी बोबडीच वळली. 'निलावती, उदगीर, यांच्या स्मरणार्थ.' दुसरं उचललं. स्मरणार्थ. तिसरं. स्मरणार्थ! चोवीसच्या चोवीस. माझंसुद्धा!

मी तशीच पिशवी उचलून त्या माणसाकडे धावले. तो अगदी शांत. "ताई, लग्नाचं असलं तर 'सप्रेम भेट'. संस्थेचं असलं तर 'स्मरणार्थ'. चाळीस वर्सं झाली, तिसरा प्रकार मी बघितला न्हाई. यादी संस्थेची म्हटल्यावर मी कशाला विचारू?" आता त्याच्याशी काय भांडणार? अक्षर मात्र सुरेख काढलं होतं मेल्यानं.

परत येऊन बायकांना सांगितलं. मग निलाबाईनं आपलं ताट मागून घेतलं, उताणं-पालथं करून पाहिलं आणि म्हणाली, "बराबर हाय की. सासरच्यांनी आमचं तेरावं कवाच घातलंय. मेल्यावर भाड्याचं घर घेतलं, मेल्यावर जिल्हा जेवू घातला. जित्यापणी काय केलं होतं आम्ही?" आणि अशी काही हसली की सगळं घर हसायला लागलं. ताटं बदलायची नाहीत असं तिथल्या तिथे ठरलं.

पण किशनरावांचं काय? जन्मभर ज्या शब्दाची त्यांनी टिंगल केली तोच त्यांच्या नावापुढे घालून त्यांना जेवायला वाढायचं? मी म्हटलं, त्यांचं ताट लपवू. निलाबाई ऐकेना. गुरुवारी ते आले, बारदान अंथरलं, आणि तिनं समोर ताट आणून ठेवलं. रिकामं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. वाचलं. मी मनातल्या मनात सगळे देव आठवले. त्यांनी अंगठ्यानं ती अक्षरं पुसल्यासारखी केली, जशी पहिल्या दिवशी त्या पितळी ताटातली केली होती तशीच.

"बाई, मी बोर्डिंगात शिकलो," ते म्हणाले. "सात वर्सांचा असताना बापानं नेऊन सोडलं. माझ्या ताटात एका शेठाच्या मयत बायकोचं नाव होतं. मी अक्षरं त्याच्यावरच शिकलो, अंकलिपी मागून आली. वाढलं की नाव झाकायचं. खात गेलं की एक-एक अक्षर दिसायचं. सगळं नाव दिसलं की समजायचं, संपलं. दुसऱ्यांदा वाढत नसत. आठ वर्सं रोज दोन वेळा ते नाव वाचलं. मला त्या बाईचा अजून राग येतो. तिचा काय दोष होता, सांगा?"

निलाबाईनं ताटात भाकरी घातली, वर पिठलं ओतलं, नाव झाकून टाकलं आणि म्हणाली, "खावा."

किशनराव जेवले. आमच्याकडे जेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मग दर गुरुवारी पाहिलं. पिठल्यातून पहिलं अक्षर वर आलं की निलाबाई पळी घेऊन हजर. ते "बस, बस" म्हणायचे, ही वाढायची. "अहो बाई, पोट फुटंल!" "फुटू द्या. नाव दिसून राहिलंय." शेवटी पोट भरल्यावर त्यांनी ताटात एक घास ठेवूनच उठायचं असा तह झाला. खुर्चीवर मात्र ते बसले नाहीत ते नाहीतच.

एका गुरुवारी गाडी आली आणि ते आले नाहीत. शनिवारी त्यांच्या घरमालकाचं कार्ड आलं. मी आणि निलाबाई नांदेडला गेलो. विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांची एक खोली होती. एक बाज, एक पातेलं, एक पळी, बाबासाहेबांचा फोटो, आणि खुंटीला ती पिशवी. निलाबाईनं सगळी खोली धुंडाळली. ताट नव्हतं. चार जिल्ह्यांतल्या संस्थांना स्वतःच्या पायावर उभं करणारा माणूस घरी एकटा पातेल्यातच जेवत होता. येताना आम्ही फक्त बारदान मागून आणलं.

किशनरावांच्या ताटावरचं 'स्मरणार्थ' आता खोटं राहिलेलं नाही. पण ते फडताळात ठेवलेलं नाही, रोजच्या वापरात आहे. नवीन बाई आधाराला आली की पहिल्या दिवशी तिला त्याच ताटात वाढायचं, असं निलाबाईनं ठरवून टाकलंय. नवीन बाई घाबरलेली असते, हळूहळू खाते, आणि पुढे भाकरीचा तुकडा संपत आला की हात आवरता घेते. निलाबाई समोरच बसलेली असते. अक्षर दिसायच्या आत ती वाढते.